गावभर चनबसप्पांचे केस

श्री. चनबसप्पा गुरप्पा कलशेट्टी, वय वर्षे बावन्न, राहणार बाळीवेस, सोलापूर. व्यवसाय छायाचित्र दुरुस्ती, डिजिटल फलक व लग्नाचे बायोडेटा. उंची मध्यम. बांधा सडपातळ. केस काळे, दाट, भांग डावीकडून. स्वभाव मनमिळाऊ. व्यसन नाही. अपत्ये एक : कन्या कु. दानेश्वरी, बी.कॉम., वर्ण गोरा, नोकरी चिंचोळी एमआयडीसी. सदर तपशील स्वतः चनबसप्पांनी तयार केलेल्या कागदावरून व त्यावरील छायाचित्रावरून घेतला असून त्याची खातरजमा करावी असे आजवर कोणासही वाटलेले नाही.

यातलं 'व्यसन नाही' हे खरं आहे.

दुकान जिन्याखाली आणि घर जिन्यावर, अशी त्यांची व्यवस्था. दुकानात एक संगणक, एक स्टूल, भिंतीला निळा पडदा आणि गिऱ्हाइकांसाठी आलेलं वर्तमानपत्र. ते मी, शेजारी, वाचतो, कारण गिऱ्हाइकं येत नाहीत, त्यांचे फोटो येतात. फोटो काढायचं काम आता मोबाईल करतो. चनबसप्पा त्याच्या पुढचं करतात. देवानं माणूस घाईत केला असून शेवटचा हात मारायचा राहून गेला आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि तो हात मारण्याचे त्यांचे दर माफक आहेत.

त्यांच्या संगणकात कोट आहेत, फेटे आहेत, शाली आहेत, पोट नसलेली अंगं आहेत. निळ्या कोटाला मागणी जास्त. बाळीवेशीतल्या आजोबांचा पेन्शनचा फोटो घ्या की नातवाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, दोघांच्या अंगात एकच कोट आहे आणि दोघांची टाय एकाच जागी किंचित वाकडी आहे. वाढदिवसाच्या फलकांवर तर गेल्या दहा वर्षांत त्यांनी गावातल्या एकाही पुढाऱ्याला चाळिशी ओलांडू दिलेली नाही. यात पक्षभेद नाही. सगळ्या पक्षांना त्यांनी सारखंच गोरं केलं आहे.

वारलेल्यांचीही सुटका नाही. मागं सांगोल्याकडचा बिरुदेव नावाचा तरुण आपल्या बापाचा, ज्ञानबाचा, फोटो घेऊन आला होता. ज्ञानबाची उभी हयात मेंढरांमागं गेली. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि एक डोळा बारीक. श्रद्धांजलीच्या फलकावर चनबसप्पांनी त्याला निळा कोट घातला, दोन्ही डोळे सारखे केले आणि गालावरचं ऊन पुसून टाकलं. गावात फलक लागला तेव्हा ज्ञानबाची बायको मायाक्का हार घेऊन आली, थोडा वेळ उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "ह्यो कुणाचा सायेब वारलाय? आमचं माणूस कुटं हाय?"

ही हकीकत बिरुदेवानंच येऊन सांगितली. चनबसप्पांना त्यात विनोद दिसला नाही की तक्रारही दिसली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पब्लिकला आवडला का?"

पब्लिकला आवडला होता.

पब्लिक हा चनबसप्पांचा शेवटचा शब्द आहे. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'आपला चौक' नावाचा. कोणताही फलक छापायच्या आधी त्याचा नमुना तिथं पडतो. मग अंगठे येतात, जोडलेले हात येतात, 'अध्यक्षांना अजून उजळ करा' अशी सूचना येते, आणि अध्यक्ष उजळतात. कुणाचं डोकं केवढ्या वर्तुळात, कुणाचं कुणाच्या खांद्यावर, यावर तिथं जेवढी चर्चा होते तेवढी गावाच्या पाण्यावर झाली असती, तर नळाला रोज पाणी आलं असतं. पण पाण्यावर बोलायला ग्रुपमध्ये मनाई आहे. ग्रुपचे नियम चनबसप्पांनीच एका सुंदर निळ्या पाटीवर लिहून टाकले आहेत, त्यात 'वादग्रस्त विषय नकोत' हा पहिला.

आता केसांबद्दल. चनबसप्पांना पस्तिशीतच टक्कल पडलं. कानांच्या वर दोन्हीकडं थोडी झालर उरली आहे, बाकी मैदान साफ. धंद्यात मात्र केसांची नड रोजची. टक्कल पडलेला माणूस फलकावर एकालाही चालत नाही, स्वतःला तर मुळीच नाही. सुरुवातीला त्यांनी इंटरनेटवरून केस उतरवले. ते परदेशी निघाले, भुरे आणि मऊ. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या कवटीवर ते बसेनात. माणूस विमानातून उतरल्यासारखा दिसायचा. तेव्हा त्यांनी आपल्या लग्नाचा अल्बम काढला, सव्वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या डोक्यावरचे केस कापून घेतले आणि साठवून ठेवले. ते केस कुणालाही बसतात. दाट, डावीकडून भांग, कपाळावर हलकं वळण. आज गावात दोन माजी नगरसेवक, एक डॉक्टर, पतसंस्थेचे तीन संचालक आणि कितीतरी नवरदेव चनबसप्पांचे केस लावून हिंडतात. हिंडतात म्हणजे फलकावर.

या केसांत एक खोट आहे. तो फोटो अक्षता पडल्यानंतर लगेच काढलेला. डाव्या कानशिलाच्या वर एक कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा अडकून राहिला आहे. बायोडेटाच्या लहान फोटोत तो दिसत नाही. चौकातल्या मोठ्या फलकावर तो पेरूएवढा होतो. मी एकदा तो चनबसप्पांना दाखवला. म्हणाले, "राहू दे की ओ. कोण बघतंय?" आणि खरंच, त्या पेरूखालून रोज हजारो लोक जातात, मान वर करून बघतात, चेहऱ्यांवर मतं देतात. एकानंही आजवर विचारलेलं नाही की साहेबांच्या डोक्यात तांदूळ कुठून आला. जनमत म्हणजे काय असतं हे मला पुस्तकांतून नीट कळलं नव्हतं, ते त्या दाण्यानं शिकवलं.

असा हा माणूस मुलीच्या लग्नाच्या वयाला येऊन पोचला.

दानेश्वरी आपल्या आजीवर गेली आहे, म्हणजे रंगानं आणि जिभेनंही. पुढच्या दोन दातांत फट. चिंचोळीच्या एका कारखान्यात ती हिशेब बघते. लग्नाला तिचा नकार नव्हता. अट एकच होती : फोटो आहे तसा पाठवायचा. चनबसप्पांनी तिला निळ्या पडद्यासमोर बसवलं, फोटो काढला, होकारार्थी मान हलवली आणि ती कामावर गेल्यावर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत दातांतली फट बुजली होती, नाक थोडं पुढं आलं होतं आणि रंग इतका उजळला होता की मागचा निळा पडदा मळका वाटत होता. तो फोटो वधू-वरांच्या ग्रुपवर गेला.

तिला तो कारखान्यातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर दिसला. दुसऱ्या दिवशी तिनं एक प्रयोग केला. कारखान्याच्या गेटवर चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आहे. तिनं त्याच्यापुढं स्वतःऐवजी तो फोटो धरला. यंत्रानं सांगितलं, व्यक्ती नोंदीत नाही. मग तिनं मोबाईल खाली घेतला, तोंड पुढं केलं, आणि यंत्रानं दार उघडलं. हे तिनं घरी येऊन जेवताना सांगितलं. वर म्हणाली, "अप्पा, मशीनला पण कळतंय की."

चनबसप्पा म्हणाले, मशीनला लग्न करायचं नाही. ग्रुपवर बघ, सगळे चांगलं म्हणायलेत.

तिनं ताट उचललं आणि आत गेली. पुढं स्थळांचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, की त्या फोटोतल्या बाईला बघायला बोलवा, मी कामावर जाते.

स्थळं मात्र आली. त्यांतलं एक सगळ्यांच्या मनात भरलं. अक्कलकोटचा मुलगा, शिवानंद, घरात शिवू म्हणतात. बापाची धान्याची आडत, मुलगा बँकेत. स्थळ आणलं सिद्धलिंगप्पांनी. हे निवृत्त गृहस्थ समाजातली लग्नं जुळवतात आणि मोबदला म्हणून पहिल्या पंगतीत जागा घेतात. चनबसप्पांच्या पत्नी महादेवी यांनी मुलाचा फोटो बघितला आणि त्या दिवसापासून तो त्यांच्या मोबाईलच्या दर्शनी भागावर लागला. शेजारणींनी बघितला. भाजीवालीनं बघितला. मुलगा काय देखणा, केस काय दाट. आळीतल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं, आणि आळीत एकमत झालं की घरातल्यांना विचारायची पद्धत नाही.

चनबसप्पांनी फोटो सर्वांत शेवटी बघितला. मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, डाव्या कानशिलावर आणला आणि पुन्हा लहान केला. मोबाईल बायकोच्या हातात दिला. म्हणाले, बरा आहे.

अक्कलकोटचा एक स्टुडिओवाला असली कामं त्यांच्याकडं पाठवतो. डोकं येतं, केस लागतात, डोकं परत जातं. कोणाचं डोकं हे विचारायची रीत नाही. दुपारी मी दुकानात वर्तमानपत्र वाचत होतो तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं. मला वाटलं, आता जिना चढून जातील आणि मुलीला सांगतील. ते जागचे हलले नाहीत. डोकं खाजवलं, म्हणजे झालरीजवळ खाजवलं, आणि हिशेब मांडला : तिकडून आलं तेही खोटं, इकडून गेलं तेही खोटं. "दोन्हीकडं काम आपलंच हाय. मापात हाय. फिट्टंफाट."

इतक्या शांतपणे मुलीचं लग्न वजनकाट्यावर ठेवणारा माणूस मी आडत बाजारातही पाहिलेला नाही.

बघायचा कार्यक्रम चैत्रातल्या रविवारी ठरला. दानेश्वरीनं आईला स्वच्छ सांगितलं होतं की पावडर लावणार नाही. महादेवींनी त्यावर उपाय म्हणून खोलीतला दिवा न लावता नुसता खिडकीचा उजेड ठेवला, आणि खिडकीला पडदा लावला. सिद्धलिंगप्पा मधल्या खुर्चीत. 'आपला चौक'मधले दोन मान्यवर कोचावर. दोघांचे वाढदिवसाचे फलक चनबसप्पाच करतात. अशा प्रसंगी एक शिकलेला शेजारी शोभेला ठेवतात, त्या जागी मी.

पाहुणे आले. आई, वडील आणि शिवू. शिवूच्या डोक्यावर बँकेच्या क्रिकेट संघाची टोपी होती. बाहेर ऊन असल्यामुळं ती असणं योग्यच होतं. आत आल्यावरही ती राहिली. उप्पीट आलं, टोपी राहिली. महादेवी अधूनमधून टोपीकडं बघायच्या, मग मोबाईलवरच्या फोटोकडं.

दानेश्वरी मोहरी रंगाचं इरकल नेसून आली, नमस्कार केला आणि समोर बसली. मुलाच्या आईनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागच्या दाराकडं, जणू अजून कुणी यायचं आहे. मग नवऱ्याच्या कानाशी लागून कन्नडमध्ये म्हणाल्या, "कर्रग अदाळ." काळी आहे. हे त्या खासगीत म्हणाल्या. त्या खोलीत कन्नड न कळणारा फक्त पंखा होता.

सिद्धलिंगप्पांनी घसा साफ केला. म्हणाले, खोलीत उजेड जरा कमी आहे.

दानेश्वरी उठली, भिंतीपाशी गेली, ट्यूब लावली आणि परत जागेवर येऊन बसली. "आता बघा," ती म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. ते आडतीतले, नमुना एक आणि पोत्यात माल दुसरा असला की काय बोलायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच बोलायला सुरुवात केली. फोटो वेगळा, मुलगी वेगळी. भाडं खर्चून आम्ही अक्कलकोटहून आलो. मुलगी काळी असणं हा गुन्हा नाही, त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, पण लपवणं हा आहे. कोचावरच्या दोन मान्यवरांनी माना डोलावल्या. सिद्धलिंगप्पांनीही डोलावली. ज्या ग्रुपवर याच तिघांनी त्या फोटोला अंगठे दिले होते तो ग्रुप त्यांच्या खिशातच होता.

दानेश्वरी मान खाली घालून बसली नव्हती. ती बापाकडं बघत होती. दाराशी चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या त्या माणसाला एवढं माहीत होतं : बोललं नाही तर मुलगी या खोलीत खोटी ठरते, आणि बोललं तर धंदा. अक्कलकोटचा स्टुडिओवाला कामं बंद करील. वधू-वरांच्या ग्रुपवर कळलं की आळीतल्या निम्म्या बायोडेटांतले फोटो लोक मोठे करून बघू लागतील. आणि तो पब्लिकविरुद्ध आयुष्यात कधी गेलेला नव्हता. मला वाटलं, तो ट्रे घेऊन आत जाईल. माझी पैज तीच होती.

मुलाचे वडील शेवटाला आले होते. म्हणाले, "आमचं बघा. फोटोत हाय तस्साच समोर बसलाय. एक केस हिकडचा तिकडं न्हाय."

चनबसप्पांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. महादेवींच्या हातातला मोबाईल घेतला. फोटो मोठा केला, अजून मोठा केला, इतका की पडद्यावर मुलगा उरला नाही, नुसते काळे केस आणि मधे एक लालसर दाणा. तो त्यांनी मुलाच्या वडिलांपुढं धरला.

"हा तांदूळ माझ्या लग्नातला आहे," ते म्हणाले. "केस माझे आहेत."

कुणालाच काही कळलं नाही. मग महादेवींनी मोबाईल ओढून घेतला, बघितलं, आणि भिंतीवरच्या आपल्या लग्नाच्या फोटोकडं बघितलं. त्यानंतर मान्यवरांनी बघितलं, सिद्धलिंगप्पांनी चष्मा लावून बघितलं. भिंतीवरच्या नवरदेवाच्या डाव्या कानशिलावर तोच दाणा होता. सव्वीस वर्षं तो तिथं होता. हे सगळे सणासुदीला त्याच फोटोखाली बसून जेवलेले.

शिवूनं टोपी काढली. आतलं डोकं गुळगुळीत होतं आणि घामानं चमकत होतं. त्यानं रुमालानं ते नीट पुसलं. "लई गरम व्हायलं होतं ओ," तो म्हणाला, दानेश्वरीलाच. ती हसली, म्हणजे दातांतली फट दिसली. मुलाच्या आईनं त्याला टोपी घाल म्हणून खुणावलं. त्यानं ती मांडीवर ठेवली.

इथं एखादा लेखक दोघांचं जुळवून टाकील. तसं काही झालं नाही. मुलाच्या वडिलांची आडत्याची बुद्धी चालली. "म्हणजे आमचा पण फोटो तुमीच केला," ते म्हणाले. "मग फसवणूक तुमीच केली की ओ, दोनदा." या तर्कात खोट काढणं अवघड होतं. पाहुण्यांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि शिवूला पुढं घालून जिना उतरले.

त्या रात्रीपर्यंत 'आपला चौक'चं मत तयार झालं. मी ते पूर्ण वाचलं, कारण असं साहित्य फुकट मिळत नाही. कलशेट्टींनी मुलीचा फोटो खोटा केला, यात चूक कुणालाच दिसली नाही. बाप आहे, करणारच. अक्कलकोटकरांनी मुलाला केस लावले, तेही समजण्यासारखं. चूक झाली ती बोलून दाखवण्यात. पाहुण्यांचा घरात बोलावून अपमान केला. एकानं तर लिहिलं की अशानं समाजातला विश्वास उडतो. त्याच्या स्वतःच्या फोटोत चनबसप्पांचे केस होते. खाली जोडलेले हात आले, बरेच.

अक्कलकोटचं काम बंद झालं. शहरातलं मात्र वाढलं. फलकांवर दाणा शोधायचा खेळ आठवडाभर चालला, मग गिऱ्हाइकं येऊ लागली : ते लग्नातले केस आहेत म्हणे तुमच्याकडं, आम्हालाही लावा. दाणा काढून द्या, जास्त काय होईल ते सांगा. एक माजी नगरसेवक म्हणाले, दाणा असू द्या, शुभ आहे.

दानेश्वरीनं बापाला ना शाबासकी दिली ना माफी. पुढच्या रविवारी ती जिना उतरून दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, काढा. त्यांनी फोटो काढला. संगणकावर घेतला. हात सवयीनं रंगाच्या पट्टीकडं गेला. ती मागं उभी होती. हात परत आला. त्यांनी फोटो फक्त चौकटीत कापला, आणि मला जाणवलं की या दुकानात असं काम मी पहिल्यांदा बघतो आहे. ते वाईट दिसत होते, चनबसप्पा म्हणजे. काही न करता काम संपलं याचा त्यांना शारीरिक त्रास होत होता.

मग बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना आला. सिद्धलिंगप्पांना फोन लावला. त्यांनी 'निमगोरा' सुचवलं, मग 'गव्हाळ', शेवटी 'सावळा' इथवर खाली उतरले आणि म्हणाले की याच्याखाली पब्लिक जाऊ देणार नाही. चनबसप्पांनी फोन ठेवला आणि मुलीकडं बघितलं.

"लिवा की, अप्पा," ती म्हणाली. "काय खोटं हाय त्यात?"

त्यांनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं. त्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर अजून केसांचाच फोटो आहे. स्थळं पूर्वीपेक्षा कमी येतात.

दानेश्वरी काळी आहे.